पाठीवरच्या खुर्च्या

पहिल्याच दिवशी तिनं दोन आठवड्यांचं काम पुसून टाकलं, आणि तेही पाठीनं.

खुर्च्या दुरुस्त करणारं ते एक लहानसं वर्कशॉप. सुतार सांधे बसवायचा, मावशी पॉलिश करायच्या, गादीकाका बैठका शिवायचे. कोणती खुर्ची कोणाकडे, कधी द्यायची, सगळं एका काळ्या फळ्यावर. फळ्याऐवजी तिघांच्या टेबलांवर स्क्रीन ठेवायचे, म्हणजे प्रत्येकाला जागेवरून बाकीच्यांचं काम दिसेल. ते डिझाइन करायला ती आली होती. मावशींना वाट द्यायला मागं सरकली, फळ्याला टेकली आणि पुन्हा पुढं झाली.

"हलू नका," मागून आवाज आला.

ती जागच्या जागी थिजली. "काय झालं?"

"शुक्रवारच्या खुर्च्या तुमच्या पाठीवर आहेत. उतरवून घेतो."

काळ्या स्वेटरवर खडूची अक्षरं उलटी उमटली होती. सुतार ती निवांत वाचत वहीत लिहू लागला. "डॉक्टरीणबाईंची आरामखुर्ची... शाळेची सहा स्टुलं... जरा केस बाजूला घेता?"

तिनं घेतले. मान उगाचच तापली.

"उलटं वाचता येतं तुम्हाला?"

"आजपासून येतं."

मावशी खोकल्या. त्यांना खोकला वगैरे काही नव्हता.

पुढच्या आठवड्यात स्क्रीन लागले आणि तीन आठवड्यांची चाचणी सुरू झाली. एका पानावर खुर्च्यांची यादी, दुसऱ्यावर फक्त 'कोण आहे'. जो स्क्रीनपाशी असेल, त्याच्यापुढे हिरवा ठिपका. शहराच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसात बसलेल्या तिचाही एक ठिपका त्यात होता. हे दुसरं पान म्हणजे तिचा जीव की प्राण. यादी काय, कुणीही करेल. पण पलीकडे आपलं माणूस आहे हे कळलं की काम हलकं होतं, असं ती भेटेल त्याला सांगायची. वर्कशॉपमध्ये तिचं नावच पडलं, ठिपकेवाली.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती स्वतः यायची. सुताराची तक्रार तयारच असायची. एकदा बटण लहान आहे. ते मोठं केलं, तर फारच मोठं झालं.

"तुम्हाला नक्की काय हवंय?" ती विचारायची.

"विचार करून ठेवतो. शुक्रवारी सांगतो."

तिसऱ्या आठवड्यात तिच्या ऑफिसातल्या मॅडमनी वापराच्या आकड्यांचा कागद पुढं सरकवला. "हा सुतार ते ठिपक्यांचं पान दिवसातून छत्तीस वेळा उघडतो आणि काहीच न करता बंद करतो. गोंधळतोय बिचारा. शुक्रवारी चाचणी संपते, पान काढून टाक."

पान जाणार म्हणून तिला वाईट वाटलं. शुक्रवारनंतर तिकडं जायला काही कारणच उरणार नाही, याचं त्याहून जास्त वाटलं. पण ते मॅडमना कसं सांगणार?

शुक्रवारी ती तोच काळा स्वेटर घालून गेली. योगायोगानं म्हणे. सुताराशेजारी स्टूल ओढून तिनं कागद उघडला.

"छत्तीस वेळा," ती म्हणाली. "या पानावर तुमचं कुठं अडतं, ते दाखवा. नाहीतर पान जाईल."

त्यानं रंधा खाली ठेवला. हाताचा भुसा झटकला. पुन्हा झटकला.

"अडत काही नाही. तुमचा ठिपका बघतो... आहे ना ते. दुपारी एकला तो जातो, तेव्हा मीही जेवून घेतो."

पलीकडे गादीकाकांचं मशीन थांबलं. मावशींचा ब्रशही.

सुतार कागदाकडं वाकला. "यात तुमची ओळ कुठंय?"

"डिझाइन करणाऱ्याची मोजत नाहीत."

"का बरं? बघा की."

तिनं आढेवेढे घेत स्क्रीनवर शोधलं. समोर आकडा आला आणि तिनं तो हातानं झाकला. त्यानं अलगद एक बोट बाजूला केलं. एक्केचाळीस.

"मग गोंधळलेलं कोण?" त्यानं विचारलं.

तिला हसू आवरेना. "मॅडमना आता काय सांगू?"

"सांगा, पान बरोबर आहे. वापरणारे दोघं जरा बिघडलेत."

फळा अजून भिंतीवरच होता. तिनं खडू घेतला, काहीतरी भरभर लिहिलं आणि कुणाला दिसायच्या आत वळून फळ्यालाच टेकली. मग सुताराकडं पाठ करून उभी राहिली.

"वाचा."

"उद्या... पाच वाजता... तळ्यावर, दोघंच..." तो थांबला. "पुढं काहीच नाही."

"पुढचं तुम्ही सांगायचंय."

त्यानं तिच्या हातातला खडू काढून घेतला आणि म्हणाला, "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. बटणं सगळी चांगलीच होती."

"एकदाचा बोलला बाई," मावशी गादीकाकांना म्हणाल्या. "तीन आठवडे झाले, यांच्याकडं बघता बघता माझं एक पॉलिश पुरं होईना."

ती हसत वळायला लागली, तसा खडूनं पांढरा झालेला त्याचा हात हलकेच तिच्या खांद्यावर आला.

"हलू नकोस," तो म्हणाला. "अजून एकदा वाचतो."