बॅटरी काढलेली गाडी

हे माझ्यासोबत घडलंय. ज्याला खोटं वाटेल त्याला खुशाल वाटू दे, मी शपथा घेत बसणार नाही. रात्रबित्र नव्हती. भर दुपार, सव्वादोनची वेळ, आणि जागा माझंच दुकान.

मी गाड्यांच्या सीटा शिवतो. दुकानामागेच घर आहे.

त्या दिवशी एक पांढरी गाडी आली. मालकाला फक्त मागची सीट बदलून हवी होती.

"अहो, नवीकोरी आहे की!" मी म्हणालो.

"बदला."

एवढंच बोलला आणि गाडीकडे न बघता निघून गेला. असतात एकेक नमुने!

माझी पद्धत ठरलेली. आधी बॅटरी काढून टेबलावर ठेवायची, मगच सीटला हात लावायचा. सीट बाहेर काढली, कापड कापून घेतलं. मग आत धूळ जाऊ नये म्हणून दुकानासमोर उन्हात उभ्या गाडीची दारं लावली आणि मशीनवर बसलो.

थोड्या वेळाने...

पीं...

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

पुन्हा... पीं... पीं...

हॉर्न पांढऱ्या गाडीचाच होता.

पण बॅटरी तर टेबलावर होती... माझ्या कोपराशी.

खोटं कशाला बोलू, मी पळणारच होतो. तेवढ्यात घरातून बायकोची हाक आली.

"अहो, चिमीला पाठवा, दूध निवतंय!"

"चिमी? ती तुझ्याजवळ झोपलीय ना?"

"माझ्याजवळ कुठे? मघाशीच तुमच्याकडे आली!"



हॉर्न आता थांबेचना...

मी धावत जाऊन मागचं दार उघडलं. तोंडावर भट्टीसारखी झळ आली. ड्रायव्हरच्या सीटमागे, खाली, माझी तीन वर्षांची पोर मुटकुळं करून पडली होती. घामाने चिंब, हाक मारली तरी ओ देईना. दाराला चाइल्ड लॉक होता. तिला आतून ते उघडताच आलं नसतं. आणि ती आत आहे का हे न बघता दार लावणारा मीच.

हॉर्न बंद झाला होता.

पुढच्या सीटवर कुणीच नव्हतं...

दवाखान्यात संध्याकाळी चिमीने डोळे उघडले. आम्ही दोघंही रडलो.

"बाबा, दादाने पीं पीं केलं."

"कोण दादा?"

"गाडीतला. त्याला पण काढ ना बाहेर..."

मालक गाडी न्यायला आला, तेव्हा त्याला काही विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता कुठल्याही गाडीचं दार लावण्याआधी मी वाकून सीटखालीसुद्धा बघतो. आत कुणी नसतं.

तरी दार थोडा वेळ उघडंच ठेवतो... कुणाला उतरायचं असेल तर.