आईपान

ही गोष्ट २०१८ सालची. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत मी अगदी सुरुवातीपासून राहते. आम्ही आलो तेव्हा गॅलरीतून ज्वारीची शेतं दिसायची आणि रिक्षावाले इकडे यायला कुरकुरायचे. आता समोरच्या इमारतीत टीव्हीवर काय चाललंय तेही दिसतं.

आमच्या समोरच्या दारात वैजनाथ आणि त्याची बायको दीपमाला राहत. वडील गेल्यावर वैजनाथने आई सुंदराबाईंना अकोल्याहून आणलं होतं.

दीपमालाच्या पूर्वेच्या बाल्कनीत एचेवेरियाची रोपं होती. मांसल पानांची, उमललेल्या कमळासारखी. ती वाढवून विकायची. एका पानापासून नवं रोप कसं करायचं, ते तिने मला दाखवलं होतं.

"ओढायचं नाही, काकू. हलकेच डावीकडे, मग उजवीकडे. टच् झालं की पान अख्खं सुटलं."

सुटलेली पानं ती ट्रेमधल्या कोरड्या मातीवर नुसती ठेवून द्यायची. पाणी अजिबात नाही. काही आठवड्यांनी पानाच्या बुडाशी गुलाबी, दोऱ्यासारखी मुळं फुटायची आणि नखाएवढं पिल्लू दिसायचं. ते पानातलं पाणी पिऊन वाढायचं. पान सुरकुतत जाऊन कागदासारखं व्हायचं. त्याला ती आईपान म्हणायची. ते आपणहून गळेपर्यंत काढायचं नाही, नाहीतर पिल्लू मरतं, असं तिचं सांगणं होतं.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने वाण म्हणून ही छोटी रोपं दिली. सगळ्या बायका बसल्या होत्या आणि सुंदराबाई हसत म्हणाल्या, "हिच्या हातानं पानालेही पोरं होतात. हिलेच तेवढं नाही."

कोणीतरी हसलं. दीपमाला वाण देत होती. तिचा हात थांबला नाही.

सुंदराबाई रोज अंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायच्या. कोरड्या मातीवर पडलेली पानं त्यांना बघवत नसत. एकदा तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी सगळ्या ट्रेंमध्ये ओतलं आणि पुढे रोजच ओतू लागल्या. पानं कुजून शेंबडासारखी झाली. दीपमालाने ती एकेक करून बोटांनी उचलली. दुसऱ्या दिवशी सुंदराबाईंची खाट बाल्कनीत, ट्रेंच्या शेजारी गेली.

"त्यांना ऊन चांगलं," तिने मला सांगितलं.

उन्हाळा संपता संपता दीपमालाला दिवस गेल्याचं कळलं. मी कौतुकाने पेढे घेऊन गेले आणि बाल्कनीत डोकावले. सुंदराबाई भरल्या अंगाच्या, ठसठशीत बाई. त्यांच्या दंडावरची कातडी आता घड्या घालून ठेवल्यासारखी लोंबत होती. मी पाण्याचं फुलपात्र पुढे केलं. त्यांनी मान वळवली.

"मले तहानच नाही लागत," त्या म्हणाल्या. मग माझा पदर धरला. "मले इथून ने."

वैजनाथने डॉक्टर आणले होते. रिपोर्ट चांगले आहेत, वय झालंय, असं तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मग मीच अकोल्याला त्यांच्या मुलीला, कौशल्याला, फोन केला.

ती आली ती भांडायच्या तयारीनेच. खाली गाडी उभी करून वर आली, मला सोबत घेऊन बाल्कनीत गेली आणि आईच्या पाठीखाली हात घालून उचलू लागली. पाठ खाटेवरून सुटेना. ती डावीकडून हात घालून बघू लागली, मग उजवीकडून.

चादर आणि पाठ यांच्यामध्ये मला काहीतरी गुलाबी दिसलं. बारीक, दोऱ्यांसारखं. मी चष्मा लावलेला नव्हता.

टच्.

आतल्या खोलीत दीपमाला किंचाळली. वैजनाथ धावला आणि परत आला. त्याच्या हाताला रक्त होतं.

"ताई, आईला राहू दे," तो म्हणाला.

कौशल्या आईकडे बघत राहिली. सुंदराबाईंचे ओठ हलले.

"पाणी."

त्यांच्यासाठी भरून आणलेलं फुलपात्र माझ्या हातात होतं.

"देऊ नका," आतून दीपमाला म्हणाली. आवाज अगदी शांत होता.

कौशल्याने आईला पुन्हा खाली टेकवलं. माझ्या हातातलं फुलपात्र घेतलं आणि मोरीत रिकामं केलं.

सुंदराबाई दिवाळीनंतर गेल्या. खाली नेताना एकट्या वैजनाथने त्यांना हातांवर उचललं होतं. कौशल्या पोहोचली नाही. त्यानंतर ती पुण्याला कधीच आली नाही आणि माझा फोनही उचलत नाही. वैजनाथने कंपनीतून बदली मागून घेतली. सुट्टीला येतो, बाल्कनीत जात नाही. दीपमालाच्या रोपांना आता बाहेरगावाहून मागणी असते.

दीपमालाची लेक निकिता गोरीगोमटी, टवटवीत आहे. शाळेतून आली की माझ्याकडे येऊन बसते. तिला माझा लळा आहे. गोष्ट ऐकताना माझी करंगळी धरते आणि हलकेच डावीकडे हलवते, मग उजवीकडे.

यंदा पुण्यात फार कडक ऊन आहे. मला मात्र तहान लागत नाही.