सात नंबरचं टेबल

"बावीस मिनिटं उशीर!" दार उघडल्या उघडल्या मी ओरडले. "जेवण आणताय की पिकवून आणताय?"

दारातल्या माणसाच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. जिना चढून त्याला धाप लागली होती आणि कपाळावर पिठाचा पांढरा पट्टा उमटला होता. त्यानं पिशव्या खाली ठेवल्या, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाला,

"तेवीस. एक मिनिट सोडलंत तुम्ही मला."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. मग कळलं की रोज जेवण पोचवणारा माणूस आजारी होता, म्हणून कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटचा कुक स्वतःच धावत आला होता. हातातलं काम टाकून! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माफी मागणं माझ्या रक्तातच नाही. मी म्हटलं, "पाणी पिऊन जा."

पाणी पिता पिता त्याची नजर माझ्या स्क्रीनवर गेली आणि तिथेच खिळली.

आमचं ऑफिस म्हणजे एका लाँड्रीच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ वर येते, त्यामुळे आमची बिस्किटं कायम मऊ आणि माणसं कायम घामेजलेली. आम्ही सहा जण मिळून मोबाईलवरचा एक खेळ बनवतो. खेळणाऱ्यानं रेस्टॉरंट चालवायचं. लोक येतात, बसतात, मागवतात. वेळेत मिळालं तर खूश, नाही मिळालं तर उठून चालते होतात. त्यातली माणसं बनवायचं काम माझं. कोण काय मागणार, कोण किती थांबणार, सगळं मी ठरवते. प्रत्येकाच्या डोक्यावर धीराची एक पट्टी असते. आधी हिरवी, मग पिवळी, मग लाल, आणि मग खुर्ची रिकामी. म्हणून ऑफिसात सगळे मला गिऱ्हाईक म्हणतात.

"हा बाबा चाळीस सेकंदांत उठून गेला?" त्यानं स्क्रीनकडे बोट दाखवलं. "असं कोण वागतं?"

"मी वागते," मी म्हटलं.

"ते बघितलं मगाशी."

आमचे साहेब मागेच उभे होते. त्या दिवसांत ते फार काळजीत होते. खेळ बाजारात यायला दीड महिना उरला होता आणि आम्ही ज्यांना ज्यांना खेळायला दिला ते सगळे खेळाच्या चौथ्या पायरीवर वैतागून सोडून देत होते. गर्दी वाढली की कुणालाच ती आवरेना. साहेबांनी त्याला तिथल्या तिथे विचारलं, दुपारी जरा सवड असते का? मंगळवार, गुरुवार, शनिवार, तीन ते पाच?

त्यानं माझ्याकडे बघितलं. "या ओरडणार नसतील तर येतो."

"ओरडणार," मी म्हटलं.

"मग तर येतोच."

मंगळवारी तो आला आणि खेळायला बसला. चार मिनिटांत त्याचं रेस्टॉरंट बंद पडलं! खरा कुक, बारा वर्षं चुलीपुढे काढलेला, आणि माझ्या चिमुकल्या माणसांपुढे त्याची पार दाणादाण उडाली. का, तर सूप वाढण्याआधी ते चाखायचं बटण कुठे आहे, हेच तो शोधत बसला होता.

"चाखायचं बटण नाहीये, शेफ."

"शेफ नका म्हणू हो, भीती वाटते. आणि न चाखता वाढायचं? …तुम्ही मला पाप करायला लावताय."

"तुम्ही चाखत बसलात आणि तिकडे आजोबा उठून गेले."

"आजोबांना कुणी काही सांगितलंच नाही ना!" तो खुर्चीत माझ्याकडे वळला. हातवारे करता करता त्याचा एक हात सवयीनं कानाच्या पाळीकडे गेला. विचार करताना तो ती चोळतो. "तुमची माणसं मुकाट बसतात आणि मुकाट उठतात. खऱ्या हॉटेलात थांबायला लागलं म्हणून कुणी जात नाही. कुणी विचारतच नाही म्हणून जातात. जवळ जाऊन नुसतं म्हटलं ना, 'दहा मिनिटं लागतील, बसा', की माणूस बसतो."

मी त्याचं वाक्य कागदावर लिहून घेतलं. तसं क्वचितच होतं.

दोन दिवस खपून मी खेळात नवीन गोष्ट घातली. माणसाच्या डोक्यावर बोट टेकवलं की वेटर जवळ जाऊन 'आलोच' म्हणतो आणि पट्टी थोडी मागे सरकते. नंतरच्या आठवड्यात लोक पाचवी पायरी ओलांडून गेले. सहावीही! साहेबांनी सगळ्यांना केक आणला. त्यानं पहिला घास घेण्याआधी चमचा नाकाशी नेऊन वास घेतला. असं तो नेहमीच करतो. मी बघत होते, हे त्यानं बघितलं.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही."

"गिऱ्हाईक 'काही नाही' म्हणालं की कुकला धडकी भरते."

त्या दिवशी जाताना तो म्हणाला, "येतो गं," आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थबकला. तोंडातून निघून गेलं होतं. मी वरून म्हटलं, "ये." त्यानंतर आमच्यात 'तुम्ही' उरलं नाही.

आणि मग माझे हाल सुरू झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे वार कुणी निर्माण केले असतील? तीन वाजले की माझे कान जिन्याकडे. लाँड्रीवाली मावशी खालून कुणाशीही बोलली तरी मी खुर्चीतून अर्धी उठायचे. तो आला की मी मुद्दाम स्क्रीनकडे बघत राहायचे आणि दहा ओळी चुकीच्या लिहायचे. तो गेला की त्याच्या खुर्चीत तव्यावरच्या लोण्याचा वास रेंगाळायचा, आणि मी काही ना काही निमित्त काढून तिथे जाऊन बसायचे. काय म्हणावं या येडेपणाला! तो मात्र एक अक्षर बोलत नव्हता. हसायचा, चिडवायचा, एकदा तर माझ्या कपातला चहा उचलून प्यायला, पण त्यापुढे… काही नाही. मधेच कुठेतरी हरवायचा. फोन वाजला की बाहेर जाऊन हळू आवाजात बोलायचा.

त्याच आठवड्यात मी सात नंबरच्या टेबलावरचा माणूस बनवला. रोज येणारं एक गिऱ्हाईक हवंच होतं. त्याला नुसतं सूप लागतं. तो खाण्याआधी चमच्याचा वास घेतो. थांबावं लागलं की कानाची पाळी चोळतो. बनवताना मी खूश होते. पण काम झालं की प्रत्येक माणूस मला पुन्हा पुन्हा चालवून बघावा लागतो, दिवसातून चाळीस वेळा. पहिल्यांदाच त्याची पट्टी लाल झाली, तो उठला, माझ्याकडे पाठ करून दाराबाहेर गेला… आणि मला बघवेना. मी आकडा बदलला. त्याची पट्टी कधी संपणारच नाही, असं करून टाकलं. एवढंच केलं मी. कुणाला कळणार होतं?

सगळ्यांना कळलं.

गुरुवारी खेळ अडकला. दाराशी माणसांची रांग लागली, एक टेबल काही केल्या रिकामं होईना, खेळणारे शिव्या घालू लागले. आमच्याकडे चुका शोधणारी एक मुलगी आहे. तिला आम्ही टाचणी म्हणतो, कारण ती जिथे दुखतं तिथेच टोचते. सव्वातीनला, तो खोलीत असताना, सगळ्यांसमोर टाचणीनं जाहीर केलं:

"सापडलं! सात नंबरवरचा माणूस. याला सूप मिळालं नाही तरी हा उठत नाही. बसतो म्हणजे बसतोच. धीर संपतच नाही याचा. ए गिऱ्हाईक, हे तू केलंस का? …आणि हा सारखा कान काय चोळतोय?"

खोलीतल्या सगळ्या माना एकाच वेळी त्याच्याकडे वळल्या. त्याचा हात तेव्हा कानावरच होता.

त्यानं तो हळूच खाली घेतला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. साहेबांना अचानक खोकला आला. टाचणी म्हणाली, "अगं बाई," आणि तोंड दाबून बसली.

पाच वाजता मी त्याच्यामागे जिन्यात गेले. काहीतरी चिडकं बोलून विषय उडवायचा बेत होता. पण तो हसत नव्हता.

"तो माणूस उठत का नाही गं?"

"चूक झाली. आकडा चुकला."

"तुझा आकडा चुकत नाही." त्यानं कठडा धरला. "…पण खरं सांगू? तसं कुणी नसतं. उठावं लागतं माणसाला. मी रविवारी सकाळी जातोय. ताईकडे, दुसऱ्या गावी. तिथेच राहीन."

"किती दिवस?"

"माहीत नाही. बहुतेक कायमचा."

"आणि हे मला आज सांगतोयस!"

"मी तर आजही सांगणार नव्हतो," तो म्हणाला आणि भराभरा उतरून गेला.

दोन दिवस मी काय जेवले, काय लिहिलं, देव जाणे. आईनं विचारलं, कुणाशी भांडलीस? मी म्हटलं, भांडायला समोर राहिला तर ना! डोक्यात एकच शब्द घोळत होता. थांब. त्याला जाऊन सांगायचं, थांब. मला तू हवा आहेस, थांब. बस्स.

शनिवारी गेले. आणि माझी अक्कल बघा, गेले बरोबर दुपारी एक वाजता! रेस्टॉरंटांच्या गर्दीवर चार महिने डोकं लावलेली मुलगी ऐन गर्दीत स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तव्यावर लोणी तडतडत होतं, तो एकाच वेळी तीन भांडी हलवत होता. मला बघून त्याच्या हातातला झारा थबकला.

"उभी काय राहतेस?" मालकीणबाई माझ्यावरच खेकसल्या. "वाचता येतं ना? त्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाच. आमची वाचणारी बाहेर वाढायला गेलीये."

मी वाचायला लागले. चार सूप. दोन ऑम्लेट, एकात कांदा नको. तीन मासे, भाजलेले. मी वाचतेय तोवर पाच नव्या चिठ्ठ्या येऊन पडत होत्या. इथे कुणाच्या डोक्यावर पट्टी नव्हती. तो माझ्याकडे न बघता "हं" म्हणायचा आणि प्लेट सरकवून घंटी वाजवायचा. एकदा आमचे हात एकाच प्लेटला लागले. दोघांनीही ते पटकन उचलले नाहीत.

तेवढ्यात फळीवरचा त्याचा फोन वाजला. त्याचे हात पिठात होते. "दाब ना ते," तो म्हणाला. मी फोन स्पीकरवर टाकला.

"अरे, उद्या कितीला पोचतोस?" बाईचा आवाज होता, दमलेला. "नाही, तू सावकाश ये… फक्त विचारलं. आज मधेच चक्कर आली, म्हणून स्टुलावर बसून केलं सगळं. डॉक्टर म्हणतात, सातव्या महिन्यात चुलीपुढे उभं राहू नका. मी म्हटलं, मग माझ्या खानावळीत उभं कोण राहणार? …आला आता माझा भाऊ. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय, ताई. सकाळच्या पहिल्या बसनं निघतो. बसून राहा तू."

फोन बंद झाला. मी पुढची चिठ्ठी उचलली, पण अक्षरं दिसेनात.

"मालकीणबाई, दोन मिनिटं," म्हणत त्यानं कसेबसे हात पुसले, आणि मला मागच्या दाराबाहेर घेऊन आला. तिथे बटाट्यांची पोती होती आणि भिंतीवर दुपारचं ऊन.

"बोल," तो म्हणाला.

"तू आधी का नाही बोललास? ताईचं तरी सांगायचं होतंस."

"कारण ताईचं सांगितलं असतं तर मनातलंही सांगावं लागलं असतं." त्यानं मागचं दार ओढून घेतलं. "मग तू थांब म्हणाली असतीस… आणि मी थांबलो असतो गं. तिकडे ती स्टुलावर बसून सूप ढवळतेय हे माहीत असूनसुद्धा. तू म्हणालीस तर आत्तासुद्धा थांबेन. म्हणून तुला सांगायचं टाळत होतो."

दोन दिवस घोकलेला शब्द माझ्या ओठांवर होता. एकच शब्द! तो म्हटला असता तर पुढचे मंगळवार, गुरुवार, शनिवार सगळे माझे होते. मी त्याच्याकडे बघितलं. भाजल्याचे जुने डाग असलेले ते हात, डोळ्यांखाली जागरण. माझ्या तोंडाकडे तो असा बघत होता, जणू मी शिक्षा सुनावणार आहे.

"मला तू फार आवडतोस," मी म्हटलं. "इतका, की माझा मलाच राग येतो. आणि… जा तू. पहिल्या बसनं जा. तिला उभं राहू देऊ नकोस."

माझा आवाज शेवटी फाटलाच. त्यानं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. पीठ, लोणी, सगळं माझ्या बोटांना लागलं. मग माझ्या कपाळावर कपाळ टेकवून तो म्हणाला, "सहा तास लागतात बसनं. येशील?"

"रविवारी येईन. दर रविवारी नाही जमणार… पण येईन."

"ओरडशील?"

"पोचल्या पोचल्या."

आतून हाक आली, "चार सूप!" तो हलला नाही. मग, "अरे, टेबल ओरडतंय, चार सूप!" तरी तो हलला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच आत टेबल ताटकळत होतं आणि तो माझे हात सोडत नव्हता.

दार धाडकन उघडून मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं, पदराला हात पुसले, आणि सूप ओतायला स्वतःच आत गेल्या.