बिनशिक्क्याची चिठ्ठी

खरं तर त्या सोमवारी निकिताला सुट्टी होती. पण मालक लग्नाला गेले, म्हणून इंदापूरच्या स्टँडसमोरचं मेडिकल तिनं एकटीनं उघडलं, अन् पहिलंच गिऱ्हाईक आलं ते कळसचा ऋषिराज. उंच, पण कमरेत वाकलेला. ट्रॅक्टर उलटून मणक्याचं ऑपरेशन झालेलं. त्यानं दुखण्याच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढं केली, अन् वर ठेवलं एक उकललेलं डाळिंब.

“हे काय?”

“आमच्या बागंतलं. फुटलेलं बाजारात चालत न्हाय. पण गोड हेच असतंय.”

“अन् मला चालतं, असं कुणी सांगितलं?”

“हसला की तुमी...”

हसली होती खरी. गोळ्या दिल्या की चिठ्ठीवर शिक्का मारायचा, म्हणजे तीच चिठ्ठी पुन्हा चालत नाही. तिनं शिक्का उचलला, तर हा म्हणतो, “असू द्या की. पुढच्या सोमवारी यायचंच हाय... तुमाला बघायला.” बाविशीतल्या पोरीला एवढं बास झालं. शिक्का खाली राहिला.

मग दर सोमवारी डाळिंब, दर सोमवारी तीच चिठ्ठी. निकिता रविवारीच ड्रेसला इस्त्री करून ठेवायची. त्याचे हात थरथरायचे, कपाळाला घाम यायचा. हिला वाटायचं, गडी लाजतोय. प्रेम आंधळं असतं म्हणतात, पण हिनं तर फार्मसीचा डिप्लोमा केलेला!

पावसाळा सरता सरता मेडिकलवाल्यांच्या ग्रुपवर त्याच चिठ्ठीचा फोटो आला. हा माणूस आणखी कुणाकडून गोळ्या नेतो का, असं भिगवणचा दुकानदार विचारत होता. बारामतीतल्या दोघांनी ‘हो’ लिहिलं. निकिताला आत्ता उमगलं, तो घाम अन् ती थरथर लाजण्याची नव्हती, गोळ्यांच्या चटकेची होती. पहिल्या दिवशी शिक्का मारला असता, तर ती चिठ्ठी तिथंच संपली असती.

पुढच्या सोमवारी तिनं त्याच्यासमोर शिक्का मारला, गोळ्या दिल्या नाहीत.

“एवढ्यावरनं ओळख तोडता व्हय?” त्याचा आवाज चढला.

“एकच सांगा. माझ्यासाठी येत होता, का गोळ्यांसाठी?”

त्यानं डाळिंब हातात फिरवलं. मग म्हणाला, “मलाच कळंना झालंय...” अन् डाळिंब तिथंच टाकून गेला.

मेल्यानं खोटं तरी बोलायचं! औषधांच्या खोक्यांआड बसून ती पोटभर रडली.

चार महिने त्याचं तोंड दिसलं नाही. कळसची एक बाई सांगायची, गोळ्या सोडवायला त्याला बारामतीला भरती केलंय, तळमळतोय, आईलासुद्धा शिव्या देतोय. निकिता ऐकायची, अन् त्या बाईच्या चिठ्ठीवर जरा जोरातच शिक्का मारायची.

माघातल्या एका सोमवारी तो रस्त्यापलीकडं, स्टँडच्या कट्ट्यावर दिसला. नुसती हाडं उरलेली. तासभर झाला तरी आत येईना. शेवटी मालकांना ‘आलेच’ म्हणून तीच रस्ता ओलांडून गेली.

“आत का येत नाही?”

“मेडिकलची पायरी चढायची न्हाय मला. कंबर अजून दुखती. दोनदा गोळ्यांकडं घसरलो, परत घसरंन बी... आता खोटं बोलत न्हाय.”

“मग आलात कशाला?”

“तुमी इचारलं हुतं न्हवं, त्याचं उत्तर द्यायला.” तो हाताकडं बघत राहिला, हात अजून थरथरत होता. “गोळ्या सुटायला लागल्यात. सोमवार काय सुटंना.”

दुकानातनं मालक हाका मारत होते. निकिता त्याच्या शेजारी बसली.

“मग इथंच बसत जा,” ती म्हणाली. “मी येत जाईन बाहेर.”