थर्माकोलवरचा बोर्ड

माझ्या घरात एक नियम आहे. मागच्या खोलीत शिरताना आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचा, मग लोखंडी कपाटाला. आमच्या सावली गावात एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी होते की नायलॉनची ओढणी काढतानाही चटचट आवाज येतो. त्या चटक्यानं माणसाला काही होत नाही, पण कॉम्प्युटरचा बोर्ड कायमचा मरतो आणि वरून दिसतो नवाच. म्हणून मी गज आणि कपाट तांब्याच्या तारेनं अर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेत, उन्हाळाभर खड्ड्यात मिठाचं पाणी ओततो आणि सगळे बोर्ड त्यांच्या खास चंदेरी पिशव्यांत ठेवतो. वीस वर्षं बोंबलतोय. घरात एकाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

माझी बायको सुलताना, हिनं मागच्या ईदला त्याच पिशव्यांत शेवया भरल्या होत्या. का, तर सादळणार नाहीत म्हणून.

या वेळी मात्र प्रश्न माझ्या भावाचा होता. अनस धानोऱ्याला राजदीप शेठच्या गोदामावर राखणदार होता. भरदुपारी डिंकाची सात पोती गेली आणि कुलूप अनसनंच उघडलं, असं शेठ म्हणत होता. गोदामाच्या कॅमेऱ्याच्या हार्ड डिस्कचा बोर्ड त्याच दिवशी जळला. शनिवारपर्यंत रेकॉर्डिंग दाखव, नाहीतर अनसला पोलिसांत देतो, असं त्यानं मला तोंडावर सांगितलं. त्या डिस्कला चालतील असे दोनच बोर्ड माझ्याकडे होते. अनसला मी घरी घेऊन आलो. तो बाहेरच्या खोलीत दिवसभर पडून असायचा, जेवायलाही हाक मारावी लागे.

बुधवारी संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून आलो तर पहिला बोर्ड थर्माकोलच्या तुकड्यावर, म्हणजे चटक्यांच्या कोठारावरच, उघडा पडला होता. पिशवी घडी घालून शेजारी ठेवलेली. डिस्कला लावून पाहिला. मेला होता.

माझं डोकं फिरलं. सुलतानाला नाही नाही ते बोललो. शेवया, ओढणी, तिचं माहेर, सगळं निघालं.

"मी त्या खोलीत पाय बी नाई ठेवला," ती म्हणाली. "मलेच काऊन बोलून राह्यले? दुपारी आतून चटचट आवाज येते. मले वाटलं तुमीच काम करून राह्यले."

दुपारी मी दुकानात असतो. ती खोटं बोलतेय असं मी तिला सरळ सांगितलं. अनसनं आईची शपथ घेतली, तर त्यालाही झापलं. थर्माकोल बाहेर नेऊन जाळला, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली.

गुरुवारी कुलूप जसंच्या तसं होतं. दुसरा बोर्ड पिशवीबाहेर होता. थर्माकोलवर.

तो बोर्ड जगला, हे नशीब. शुक्रवारी नमाजहून आलो, दुकान बंद ठेवलं आणि मागच्या खोलीत आतून कडी लावून बसलो. अर्थिंगचा पट्टा मनगटाला बांधला आणि जुन्या बोर्डवरची चिप काढून नव्यावर बसवू लागलो.

तीनच्या सुमारास हातावरचे केस उभे राहिले.

खिडकीच्या गजावर ठिणगी पडली. चट.

मग कपाटावर. चट.

माझा नियम कुणीतरी पाळत होतं.

भीती नंतर वाटली. आधी संताप आला. वीस वर्षं घरच्यांना जे जमलं नाही ते याला जमलं होतं.

"कोन हाय बे?" मी ओरडलो. "माझ्या भावाचा जन्म बरबाद होईल. हात लावू नको याले."

केस हळूहळू खाली बसले.

शनिवारी डिस्क चालली. शेठच्या ऑफिसात शेठ आणि मी, आम्ही दोघांनीच रेकॉर्डिंग पाहिलं. गोदामाच्या दारात अनस खाटेवर गाढ झोपलेला. दाराजवळ चिटपाखरू नाही. कुलूप आपोआप उघडून खाली पडलं. भाऊ सुटला होता, आणि शेठला चार गोष्टी सुनवायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात पडद्यावर अनस झोपेतच खाटेच्या काठाला सरकला. रिकाम्या बाजूच्या नायलॉनच्या पट्ट्या हळूहळू खाली दबल्या. अनसनं डोळे न उघडता आपली अर्धी चादर तिकडे ओढून दिली.

शेठनं पडदा बंद केला आणि अनसवर काही आळ नाही म्हणाला.

"तहसीनभाऊ," मग त्यानं विचारलं, "तो आता कुठी झोपते?"