एकेचाळीस मिलिमीटर

पहिल्या भेटीत त्याने तिच्यासमोर तोंड उघडले, ते जेमतेम अठ्ठावीस मिलिमीटर. तिने पट्टीवरचा आकडा लिहिला आणि नियमाप्रमाणे विचारले, "दुखतं का?"

"बोलताना फार. आणि माझा धंदाच बोलण्याचा! बसस्थानकावर घोषणा करतो, मॅडम. दिवसभर बोलायचं… पण उत्तर कोणी देत नाही."

ती हसली नाही. मोजणाऱ्याने हसायचे नसते. कानशिलाच्या स्नायूला जबड्याशी जोडणारी त्याची कंडरा दुखावली होती. रुग्णालयात चाललेल्या उपचाराच्या चाचणीतल्या चाळीस जणांपैकी निम्म्यांना तिथे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचे इंजेक्शन मिळणार होते, उरलेल्यांना नुसते सलाइन. कोणाला काय, हे रुग्णांनाही कळणार नव्हते आणि तिलाही नाही. सलग दोन मोजण्या चाळिशीपार गेल्या की भेटी बंद.

तो दर मंगळवारी येऊ लागला.

"जेवताना त्रास?"

"एकट्याच्या जेवणाला त्रास कसला? वेळसुद्धा लागत नाही."

तिने 'नाही' लिहिले. संध्याकाळी घरी आपल्या एकुलत्या ताटासमोर बसल्यावर मात्र ते उत्तर तिला पुन्हा ऐकू आले.

सहाव्या आठवड्यात चौतीस. सातव्यात चौतीस. आठव्यातही चौतीसच.

नवव्या मंगळवारी ती त्याला बोलवायला बाहेर आली. तो लगबगीने आत गेला. बाकावर त्याचे सफरचंद राहिले, एकदाच चावलेले. सवयीने तिने त्यावर पट्टी धरली.

"सफरचंद तुमचं?"

"…हो."

"घास एकेचाळीसचा. आणि माझ्यासमोर चौतीस?"

त्याची मान खाली गेली. "चाळिशी ओलांडली की भेटी संपतात ना… 'दुखतं का' असं मला विचारणारं दुसरं कोणी नाही, मॅडम."

तिचा पेन थबकला. आणखी एकदा चौतीस लिहिले असते, तर कोणाच्या बापाला कळले नसते. पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला असता… तिने लिहिले— 'रुग्ण क्रमांक सतरा. मोजणी अविश्वसनीय. वगळले.'

"आजपासून तुम्ही माझे रुग्ण नाही," ती शक्य तितक्या कोरडेपणाने म्हणाली.

तो सफरचंद घेऊन निघून गेला.

पुढच्या मंगळवारी अकराला, त्याच्या नेहमीच्या वेळी, खुर्ची रिकामी होती. पट्टी तिने तरीही पुसून ठेवली. काम संपताच ती बसस्थानकावर गेली आणि घोषणेच्या खिडकीवर टकटक केली.

"चौकशी पलीकडे," तो मान वर न करताच म्हणाला.

"दुखतं का?"

माइक चालूच होता. प्रश्न साऱ्या स्थानकाने ऐकला. बॅगा उचलणारी माणसे थांबली. त्याने घाईघाईने बटण बंद केले.

"गेल्या मंगळवारपासून… थोडं." मग जरा धीर करून, "मी बरा झालो होतो तो इंजेक्शननं, की तुमच्या विचारण्यानं?"

"एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही." तिने पर्समधून दोन सफरचंदे काढून खिडकीत ठेवली. "निरीक्षणं वाढवावी लागतील. रोज, एकत्र जेवताना."

तो हसला. तोंड किती उघडले, ते तिने पहिल्यांदाच मोजले नाही.