एकाच सकाळची कावीळ

"मॅडम, शाळेतल्या त्या बाई गेल्या," फोनवर इन्स्पेक्टर म्हणाला. "आणि दवाखान्याचे डॉक्टर म्हणतायत, आरोपी तयार आहे, घेऊन जा."

मॅडम सरकारी संस्थेत काविळीवर संशोधन करत. साथींच्या मागे फिरण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. आरोपी इतक्या झटपट हजर झाला, की तो दुसऱ्याच कुणीतरी हजर केलेला असतो, एवढं त्यांना कळून चुकलं होतं. त्या तडक निघाल्या.

पोटात नळी घालून तपासणी करणारा तो छोटा दवाखाना. काही महिन्यांपूर्वी एका सकाळी तिथं सहा पेशंट आले. पहिल्याच्या रक्तात हेपॅटायटिस बी, म्हणजे काविळीचा विषाणू, आधीपासून होता, फक्त त्याला ते ठाऊक नव्हतं. उरलेल्या पाचांपैकी चौघं पिवळे पडले. सगळ्यांचा विषाणू एकाच वंशाचा, हे मॅडमच्याच प्रयोगशाळेनं सिद्ध केलं होतं. आता चौघांतल्या एक, त्या शाळेतल्या बाई, गेल्या होत्या.

नळ्या धुणाऱ्या मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या. जंतुनाशकानं त्यांच्या हातांची सालं निघाली होती.

"नळी औषधात पूर्ण वेळ ठेवता ना, मावशी?"

"घड्याळ लावून ठेवते हो. पण आता माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही. त्या बाईंनी माझ्या लेकीला शिकवलं. चुकला असेल का माझा हात?"

"असेल का काय? चुकलाच!" दारातून डॉक्टर कडाडले. "माझी स्वतःची आई त्या दिवशी चौथी होती. नशीब तिचं, म्हणून वाचली. या बाईनं एखादी नळी धुतली असेल, बाकी सगळा आनंदच!"

मावशींनी मान खाली घातली. मॅडमनी त्या चौघांतल्याच एका टॅक्सीवाल्याला फोन लावला.

"तुमचा नंबर कितवा होता?"

"डॉक्टरांच्या आईनंतर लगेच."

"नळी घालताना त्रास झाला?"

"घातली कुठं? गुंगीचं इंजेक्शन दिलं, पुन्हा दिलं, तरी मी हातपाय झाडत होतो. शेवटी वैतागून घरी पाठवलं मला."

मॅडम आत गेल्या. वापरलेल्या सुयांचा डबा काठोकाठ भरला होता. शेजारच्या पिशवीत वापरून टाकलेल्या सिरिंजा मात्र मोजक्याच.

"सिस्टर, गुंगीचं इंजेक्शन कसं भरता, पाण्यानं दाखवा. समजा, पेशंटला एकदा देऊन झालं आणि अजून हवंय."

सिस्टरनं सवयीनं सुई काढून डब्यात टाकली, त्याच सिरिंजला नवी सुई लावली आणि बाटलीच्या रबरी बुचात खुपसली.

"उरलेली बाटली?"

"पुढच्या पेशंटला. त्याला सिरिंज नवी घेतो."

"डॉक्टरांच्या आईंनाही हीच बाटली?"

सिस्टरनं दाराकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं, बाहेर थांबलेल्या इन्स्पेक्टरला आणि मावशींनाही.

"चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय इथं," त्या इन्स्पेक्टरला म्हणाल्या. "टॅक्सीवाल्याच्या पोटात नळी गेलीच नाही, तरी विषाणू तोच. म्हणजे नळी निर्दोष, आणि ती धुणारीही. त्याच्या अंगात त्या दिवशी गेलं ते फक्त गुंगीचं औषध. शिरेत इंजेक्शन देताना रक्ताचा अंश सिरिंजमध्ये मागे येतो. तो डोळ्यांना दिसत नाही. सुई बदलली तरी सिरिंज तीच राहते. तीच पुन्हा बाटलीत गेली, की पहिल्या पेशंटचं रक्तही बाटलीत. मग त्या बाटलीतून प्रत्येकाला थोडी थोडी कावीळ वाटली गेली."

"सिस्टरचा निष्काळजीपणा!" डॉक्टर म्हणाले. "मला काय माहीत?"

"मग तुमच्या आई कशा वाचल्या? त्यांच्या आधीचे दोघं आजारी, नंतरचे दोघं आजारी. सिस्टर, आता तरी बोला."

"सरांनी सांगितलं," सिस्टर रडतच म्हणाली, "आईला नवी बाटली फोड, सिरिंजही दर वेळी नवी घे. आणि नंतर ती जुनी बाटली पुन्हा काढायला लावली. मी विचारलं, तर म्हणाले, बाकीच्यांना सुई बदलली तरी पुष्कळ झालं."

"आपला तो बाब्या!" मॅडमचा आवाज चढला. "हा निष्काळजीपणा नाही, डॉक्टर. धोका कुठं आहे, ते तुम्हाला पक्कं माहीत होतं. आपली आई तेवढी बाजूला काढलीत आणि बाकीच्यांना त्यात ढकललंत!"

डॉक्टर वकिलाला फोन लावू लागले. इन्स्पेक्टरनं फोन काढून घेतला.

"मॅडम," मावशींनी हळूच विचारलं, "म्हणजे माझ्या हातून कुणी गेलं नाही ना?"

"नाही मावशी. कुणीच नाही."

मावशी क्षणभर आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. मग उठून थेट डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी शाळेच्या बाईंच्या दारात जाऊन त्यांच्या घरच्यांच्या पाया पडले, सायेब. मीच मारलं म्हणून. तुम्ही गाडीत बसून बघत होता."

डॉक्टरांनी तोंड फिरवलं.

"इकडं बघा," मावशी म्हणाल्या.